जवालची सावली आणि गच्चीवरची छत्री

हरम शरीफची तरावीह घरच्या टीव्हीवर पाहायची असेल तर गच्चीवरची छत्री कुठल्या दिशेला वळवायची? हा प्रश्न कुणालाही विचारा, हात आपोआप किब्ल्याकडे जातो. मक्केचं चित्र मक्केच्याच बाजूने येणार, असं मनाला वाटतं. मुसल्ला जिकडे, छत्रीही तिकडे.

पण चित्र मक्केहून सरळ आपल्या गच्चीवर येत नाही. ते आधी वर जातं, उपग्रहावर, आणि तिथून खाली उतरतं. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी ज्या वेगाने स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने तेही फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी खिळल्यासारखे असतात. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे. म्हणून कोल्हापुरातल्या माणसासाठी टीव्हीचे सगळे उपग्रह दक्षिणेच्या आकाशात, पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेल्या एका कमानीवर बसलेले आहेत. उत्तरेच्या आकाशात एकही नाही.

आता कोल्हापुराचे आकडे पाहा. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलं तर किब्ला २८४ अंशांवर येतो. म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून १४ अंश उत्तरेकडे. अरब देशांच्या अरबसॅट संस्थेचे बद्र उपग्रह २६ अंश पूर्व रेखांशावर असतात. कोल्हापुरातून त्यांची दिशा येते २५६ अंश, म्हणजे पश्चिमेपासून १४ अंश दक्षिणेकडे. पश्चिमेच्या रेषेची ही बाजू आणि ती बाजू, मध्ये २८ अंशांचं अंतर. शिवाय बद्रच्या केयू बँडचे मुख्य झोत अरब देशांवर रोखलेले आहेत, आपल्याकडच्या लहान छत्रीला त्यातून फार काही मिळत नाही. एकच वाहिनी पुष्कळदा दोन-तीन उपग्रहांवरून एकाच वेळी दाखवली जाते आणि त्यांतला एखादा आपल्या पूर्वेलाही असू शकतो. तेव्हा हरमचं चित्र किब्ल्याकडे पाठ केलेल्या छत्रीतूनही येऊ शकतं. वाहिन्या उपग्रह बदलत राहतात. छत्री वळवण्याआधी चालू महिन्याची यादी पाहावी, दोन वर्षांपूर्वी कुणी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर जाऊ नये.

बहुतेक घरांत एकाच जागी आवळलेली छत्री असते आणि तिची फारशी कटकट नसते. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते आणि ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ वरून येते. एकदा बसवली, बोल्ट आवळले, काम झालं. या महिन्याचा विषय आहे मोटरची छत्री. आखातात नोकरीला असलेल्या मुलांनी ती घरोघरी आणली आहे. रिमोटवर उपग्रह निवडला की गच्चीवर मोटर घुर्र करते आणि छत्री कमानीवरून सरकत त्या उपग्रहाशी जाऊन थांबते, निदान थांबायला हवी. तक्रारी बहुतेक एकाच साच्याच्या असतात. मोटर फिरते, आवाज येतो, फ्री डिश झकास दिसतं, पण दुसरं काहीच लागत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका चाचींच्या घरी हेच झालं. गुडघ्यांमुळे त्यांना उमराला जाणं जमलं नाही, म्हणून शारजाहच्या मुलाने मोटर, बॉक्स आणि ९० सेंटीमीटरची छत्री आणून दिली. फिटर तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा त्याने ९३.५ वर चित्र आणून दाखवलं, पैसे घेतले आणि गेला. तिन्ही वेळा पश्चिमेकडचा उपग्रह निवडला की पडदा काळा. शेवटी "मोटरच खराब आहे, नवी घ्या" असा निकाल मिळाला. मोटर अगदी ठणठणीत होती. चाचींनी मला हाक मारली ती टीव्हीसाठी नव्हे, मुलाला फोनवर काय सांगायचं हे विचारायला. त्याच्या एका पगारातला बराचसा भाग त्या पेटीत गेला होता आणि ती वाया गेली हे त्याला सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

एका उपग्रहावर चित्र आलं म्हणजे छत्री बरोबर बसली, असं होत नाही. इथेच सगळी गोम आहे. एका ठिकाणी नेम साधणं सोपं असतं. चार चुका एकमेकींना झाकतात आणि तो एक उपग्रह दिसतो. मोटरच्या छत्रीला मात्र अख्खी कमान चालायची असते. त्यासाठी तिचा आस आकाशाच्या आसाशी जुळावा लागतो. तो जुळला तर प्रत्येक उपग्रह आपोआप सापडतो. नाही जुळला, तर कितीही बोल्ट फिरवा, एक मिळेल आणि दुसरा जाईल.

चूक किती चालते, तेही सांगते. ९० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर साधारण दोन अंश रुंद असते. ईदचा चांद पाहणाऱ्यांना हे माप लगेच कळेल. पूर्ण चंद्राची थाळी अर्ध्या अंशाची, तर छत्री एका वेळी चार चंद्र मावतील इतकंच आकाश पाहते. मधल्या बिंदूपासून एक अंश सरकली की निम्मा सिग्नल गेला.

पहिलं काम पाइपाचं. ज्या पाइपावर मोटर बसते तो ओळंब्यात हवा. फोनमधल्या लेव्हलवर किंवा डोळ्यांवर विसंबू नका. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा आणि पाइपाच्या दोन बाजूंनी लावा, एकदा समोरून आणि एकदा काटकोनात. मीटरभर पाइपात साडेतीन सेंटीमीटरचा फरक म्हणजे दोन अंशांचा कल, म्हणजे छत्रीची अख्खी नजर गेली. चाचींचा पाइप कठड्याला दोन क्लॅम्पांनी बांधला होता आणि कठडाच बाहेर झुकलेला. पाइप दक्षिणेकडे कलला होता, ओळंब्याची दोरी खाली पाइपापासून तीन बोटं लांब. आधी तो सरळ केला, खाली लाकडाची पाचर दिली, तिसरा क्लॅम्प मारला. याआधी मोटरला हात लावण्यात काही अर्थ नव्हता.

दुसरं काम दक्षिण शोधण्याचं, आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. मोटर शून्यावर असताना छत्रीने नेमक्या दक्षिणेकडे पाहायला हवं. फिटर लोक फोनचं होकायंत्र काढतात. कोल्हापुरात चुंबकसूचीची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे, तेव्हा दोष सूचीचा नाही, गच्चीचा आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या, कोपऱ्यात टाकीचा लोखंडी सांगाडा, हातात पाना, आणि मोटरच्या पोटात खुद्द चुंबक. तोच फोन गच्चीवर तीन जागी ठेवून पाहा, तीन वेगळ्या दिशा दाखवेल. चाचींकडे फिटरने याच फोनवर भरवसा ठेवला होता.

खरी दक्षिण आपल्या घरात आधीपासून आहे. मशिदीत आणि बहुतेक घरांत भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. त्यात जुहरची सुरुवात दिलेली असते, म्हणजे जवाल होऊन गेल्याची वेळ. जवाल म्हणजे सूर्य माथ्यावरच्या सर्वांत उंच जागेवरून ढळणं. त्या क्षणी सूर्य बरोबर उत्तर-दक्षिण रेषेवर असतो आणि उभ्या काठीची सावली त्याच रेषेवर पडते. कोल्हापूर ७४.२ अंश रेखांशावर आहे आणि आपली घड्याळं ८२.५ अंशांच्या रेखांशावर लावलेली आहेत. म्हणून आपला मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी ३३ मिनिटांनी होतो. ऋतूप्रमाणे तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ पर्यंत अलीकडे येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ पर्यंत पलीकडे जातो.

मात्र तक्त्यावरची वेळ जशीच्या तशी घेऊ नका. जुहरच्या वेळेत बहुधा काही मिनिटं एहतियातची धरलेली असतात, आणि काही तक्त्यांत जवाल म्हणून जहवा-ए-कुबरा लिहिलेला असतो. तो सूर्याच्या मध्यान्हाच्या बराच आधी येतो. नमाजसाठी ती सावधगिरी योग्यच आहे, छत्रीला ती नडते. डिसेंबरात पाच मिनिटं चुकली तर दिशा दोन अंशांनी चुकते. मार्चमध्ये सूर्य उंच असतो, सावली आखूड असते आणि भराभर फिरते, तेव्हा त्याच पाच मिनिटांत चार अंशांहून जास्त फरक पडतो.

म्हणून घड्याळच नको. आपल्या फिकहच्या किताबांत जवाल ओळखण्याची एक जुनी रीत दिलेली आहे, दायरा-ए-हिंदिया. 'हिंदी वर्तुळ' हे नाव अरबी विद्वानांनी दिलं, कारण ही रीत त्यांच्याकडे आपल्या देशातून गेली. यज्ञवेदीची दिशा ठरवण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात खुंटी आणि वर्तुळाची हीच कृती आहे. पुढे मुस्लिम गणितज्ञांनी दिशाशोधनाचं शास्त्र इतकं वाढवलं की अल-बिरूनींनी (९७३-१०४८) गझनीचा किब्ला गणिताने काढण्यासाठी एक अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याला इतकं नको. एक खुंटी, एक दोरी आणि एक खडू पुरे.

गच्चीवर सपाट जागा निवडा, पाणी ओतून पाहा, ते एकीकडे पळता कामा नये. एक फुटाची सरळ खुंटी ओळंब्यात उभी करा. तिच्याभोवती दोरीने तीन वर्तुळं काढा, त्रिज्या ३०, ४० आणि ५० सेंटीमीटर. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाबाहेर पश्चिमेकडे असतं. सूर्य चढतो तशी ती आखडते आणि टोक एकेका वर्तुळाला शिवून आत येतं. जिथे शिवेल तिथे खडूची खूण करा. जेवणवेळेनंतर तेच टोक पूर्वेकडून एकेका वर्तुळाबाहेर पडतं, तिथेही खूण करा. एकाच वर्तुळावरच्या दोन खुणा जोडल्या की ती रेघ नेमकी पूर्व-पश्चिम. तिला काटकोन केला की उत्तर-दक्षिण. तीन वर्तुळांच्या तीन रेघा समांतर आल्या तर काम चोख, एखादी वाकडी आली तर ती सोडून द्या. ढगाने एखादी वेळ हुकली तरी दुसरं वर्तुळ असतंच. नववी-दहावीच्या मुलामुलींकडून हे करून घ्या, भूगोलाच्या पुस्तकातलं एक पान त्यांना कायमचं कळेल.

मे ते ऑगस्ट या काळात एक गंमत होते. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खुंटीची सावली मध्यान्हाला नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हाची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. वर्तुळाची रीत तरीही चालते, कारण पूर्व-पश्चिम रेघ तीच राहते. आणि २८ मेच्या सुमारास दुपारी २:४८ ला सूर्य बरोबर काबा शरीफच्या माथ्यावर असतो. त्या मिनिटाला खुंटीच्या सावलीच्या टोकापासून खुंटीच्या बुंध्याकडे जाणारी दिशा हाच किब्ला. आपली रेघ तपासायची असेल तर ती किब्ल्याच्या या रेघेशी ताडून पाहा, पश्चिमेपासून १४ अंशांचा कोन यायला हवा. १५-१६ जुलैला २:५७ वाजता हाच योग पुन्हा येतो, पण आपल्याकडे जुलैत सूर्य दिसला तर!

दक्षिणेची रेघ मिळाली की दोरी ताणून ती पाइपाच्या बुंध्यापर्यंत आणा, पाइपावर रंगाची खूण करा. बॉक्सच्या मेनूतून मोटर शून्यावर न्या. मग मोटर पाइपावर फिरवून छत्रीचा हात दोरीच्या बरोबर वर आणा.

तिसरं काम कोनांचं, आणि इथे यूट्यूब घात करतं. मोटरवर तुमच्या गावचा अक्षांश लावायचा असतो. कोल्हापुरासाठी १६.७. मोटरच्या एका अंगाला अक्षांशाची पट्टी असते, दुसऱ्या अंगाला उंचीची, आणि उंचीच्या पट्टीवर हीच जागा ७३.३ दिसते. दोन्ही पट्ट्यांची सरमिसळ झालेल्या मोटरी मी पाहिल्या आहेत. याशिवाय छत्रीला थोडा कोन खाली द्यावा लागतो, कारण उपग्रह अमर्याद दूर नाहीत. हा कोन गावागणिक बदलतो. लंडनला तो साडेसात अंश, दिल्लीला ४.८, कोल्हापुरात फक्त २.९. दिल्लीच्या फिटरचा व्हिडिओ पाहून त्याचा आकडा लावला तर दोन अंश तिथेच गेले. आपल्या वाचकांच्या गावांचे आकडे असे, आधी अक्षांश, मग हा कोन: रत्नागिरी १७.० आणि ३.०, सोलापूर १७.७ आणि ३.१, मुंबई १९.१ आणि ३.३, मालेगाव २०.६ आणि ३.५. सांगली, मिरज, इचलकरंजीवाल्यांनी कोल्हापूरचेच आकडे लावले तरी चालेल. मोटरसोबत आलेल्या पुस्तिकेत अक्षांशाप्रमाणे छत्रीचा कोन सांगणारा तक्ता असतो, कारण मोटरची नळी किती वाकलेली आहे त्यावर तो ठरतो. त्यातली १७ अंशांची ओळ वाचा.

ताळा असा. ९० मधून १६.७ आणि २.९ वजा केले की ७०.४ उरतात. कोल्हापुरातून दक्षिणेचा उपग्रह क्षितिजापासून इतका वर, जवळजवळ डोक्यावर असतो. फ्री डिशचा ९३.५ वाला ६०.४ अंश वर आणि १२९ अंश दिशेला, म्हणजे आग्नेयेला. टाटा प्लेचा ८३ अंशांवरचा ६७.९ अंश वर, १५२ अंश दिशेला. सशुल्क वाहिन्या कुलूपबंद असल्या तरी क्वालिटीचा आकडा दिसतो, म्हणून जुळणी तपासायला हा उपग्रह फुकट उपयोगी पडतो.

उपग्रह इतके उंच असल्यामुळे आपल्याकडे एक फसगत होते, ती थंडीच्या देशांतल्या पुस्तिकांत लिहिलेली नसते. दक्षिणेची दिशा पाच अंश चुकली तर माथ्यावरच्या उपग्रहापाशी छत्री जेमतेम पावणेदोन अंश हलते. बोल्ट थोडा इकडेतिकडे केला की चूक झाकली जाते. पण पश्चिमेच्या टोकाला तीच चूक चार अंशांची होते. चाचींच्या घरी नेमकं हेच झालं होतं. दक्षिण सहा-सात अंशांनी पूर्वेकडे सरकलेली, पाइप कललेला, आणि फिटरने दोन्हींचं उट्टं छत्रीच्या कोनातून काढून ९३.५ दाखवलं होतं.

हे सगळं झाल्यावर बॉक्समध्ये युसॅल्स नावाची सोय असेल तर तिथे आपलं ठिकाण भरा, १६.७ उत्तर आणि ७४.२ पूर्व. दशांश आणि कलांची गल्लत करू नका. १६ अंश ४२ कला म्हणजे १६.७, १६.४२ नव्हे. पूर्वेऐवजी पश्चिम राहिलं तर मोटर भलतीकडेच धावेल. ९३.५ आणि ७४.२ मध्ये १९ अंशांचं अंतर असूनही मोटर २२ अंश फिरते, तेव्हा घाबरू नका. आपण पृथ्वीच्या मध्यावर नाही, पाठीवर उभे आहोत, त्याचा हा फरक आहे आणि बॉक्स तो स्वतः काढतो.

आता दोष कुठे उरला ते छत्रीलाच विचारायचं. घरात एक जण टीव्हीसमोर, फोन चालू, आणि नजर क्वालिटीच्या पट्टीवर. स्ट्रेंथच्या पट्टीकडे पाहू नका, ती रिकाम्या आकाशाकडे तोंड असलं तरी भरलेली दिसते. छत्रीच्या मागे उभे राहा. तिची वरची कड हलकेच मागे ढकला, म्हणजे ती वर पाहील. पुढे ओढा, म्हणजे खाली पाहील. मोटर कशीही कललेली असो, छत्रीची स्वतःची वरची कड धरा. पूर्वेच्या उपग्रहावर खाली पाहिल्याने क्वालिटी वाढते आणि पश्चिमेच्या उपग्रहावर वर पाहिल्याने वाढते, तर मोटर पूर्वेकडे वळलेली आहे, ती पाइपावर केसभर पश्चिमेला फिरवा. याच्या उलट असेल तर पूर्वेला. दोन्ही टोकांना खाली पाहिल्यानेच वाढत असेल तर मोटरचा अक्षांश जास्त लागला आहे, तो अर्धा अंश कमी करा आणि छत्रीचा कोनही तितकाच खाली घ्या. दोन्ही टोकांना वर पाहिल्याने वाढत असेल तर उलट. एका वेळी एकच बोल्ट, आणि प्रत्येक बदलाआधी पेन्सिलची खूण. चाचींकडे आम्हाला असे तीन फेरे लागले. असरच्या अजानआधी पश्चिमेच्या उपग्रहावर पहिल्यांदा आकडा हलला, तेव्हा खालून चाचींच्या नातवाने इतक्या जोरात ओरडून सांगितलं की फोनची गरज पडली नाही.

सगळे उपग्रह एकाच बाजूला सारख्याच अंशांनी सरकलेले वाटले तर छत्री नळीवर घसरली आहे किंवा मोटरचा शून्य हरवला आहे. वळवाच्या वाऱ्यानंतर हे हमखास होतं.

आकड्यांचा दोष नसेल तर वायरीकडे वळा. त्याच एका केबलमधून बॉक्स मोटरला वीज देतो. उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्यांसाठी १३ व्होल्ट जातात, आडव्यासाठी १८. उभ्या येतात आणि आडव्या येत नाहीत, किंवा मोटर अर्ध्यात रखडते, तर केबल पातळ किंवा लांब आहे, नाहीतर कनेक्टर गंजला आहे. आपल्या पावसात दुसरंच कारण जास्त. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, जोडात शिरणार नाही. जोड उघडण्याआधी बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. रिमोटने बंद केला तरी केबलमध्ये वीज राहते आणि तार जाळीला टेकली तर बॉक्सचं नुकसान होतं. आणि आभाळ गडगडत असताना कठड्याजवळ कुणी जाऊ नये, एका वाहिनीची किंमत इतकी नाही.

शेवटी, एका दोषात पान्याला हात लावायचा नसतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहांच्या मागून जातो. त्याच्या उष्णतेच्या गोंगाटात सिग्नल बुडतो, चित्र काही मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं. फ्री डिशच्या उपग्रहासाठी कोल्हापुरात ही वेळ मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या आसपास येते, सप्टेंबरअखेर अकराच्या थोडं आधी. पश्चिमेच्या उपग्रहांवर ती दुपारी, जितका उपग्रह पश्चिमेला तितकी उशिरा. अलीकडच्या वर्षांत रमजान याच मार्चच्या तारखांवरून गेला, आणि चित्र गेलं म्हणून रोजाच्या तोंडी उन्हात गच्चीवर चढून चांगली जुळवलेली छत्री बिघडवून खाली आलेले दोघे जण मला माहीत आहेत.